वनस्पतिजन्य संयुगांच्या अनुजातांची कर्कपेशींवरील चाचणी

वनस्पतीतून वेगळ्या केलेल्या संयुगाच्या रेणूत रासायनिक फेरफार करून बनवलेल्या अनुजातांचा, प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवर होणारा परिणाम मोजण्याची पद्धत. मूळ संयुग प्रभावी असले तरी अनेकदा पाण्यात विरघळत नाही, किंवा निरोगी पेशींनाही मारक ठरते. म्हणून गाभा राखून त्याच्या कडेचे गट बदलतात.

अशा बदलाने काय घडू शकते हे पोडोफायलोटॉक्सिन या वनस्पतिजन्य संयुगावरून कळते. ते ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून पेशीविभाजन रोखते. मात्र पोटात देण्यासाठी ते फार विषारी आहे. त्याचा एक मिथिल गट काढून व शर्करेचा घटक जोडून तयार केलेले इटोपोसाइड हे कर्करोगावरील औषध ट्युब्युलिनला जवळजवळ सोडूनच देते आणि डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-२ या विकरावर काम करून डीएनएमध्ये तुटी निर्माण करते. थोडक्या फेरफाराने रेणूचे लक्ष्यच बदलावे, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. कॅम्पटोथेसिन या दुसऱ्या वनस्पतिजन्य संयुगाची रचना मन्रो वॉल व मनसुख वाणी यांच्या गटाने १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. विषारीपणामुळे त्याच्या रुग्णांवरील चाचण्या थांबल्या. त्याचे अनुजात टोपोटेकन व इरिनोटेकन यांना अमेरिकेत मान्यता मिळायला १९९६ साल उजाडले. सदाफुलीच्या अल्कलॉइडांपासून विनोरेलबिन हे कर्करोगावरील औषध मिळाले.

चाचणीसाठी हेला, एमसीएफ-७, ए५४९ यांसारख्या सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणारे कर्कपेशींचे वंश) ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ३७ अंश सेल्सिअस तापमानाला वाढवतात. संयुग बहुधा डीएमएसओ या द्रावकात विरघळवून चढत्या मात्रांत देतात. केवळ डीएमएसओ दिलेले खळगेही शेजारी ठेवावेच लागतात, नाहीतर द्रावकाचा परिणाम संयुगाच्या नावावर जमा होतो. ४८ किंवा ७२ तासांनी एमटीटी हे पिवळे रंजक घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करतात आणि त्या रंगाची तीव्रता मोजली जाते. ही पद्धत १९८३ मध्ये मोसमन यांनी मांडली. पेशींची संख्या निम्म्यावर आणणाऱ्या मात्रेस आयसी-५० म्हणतात; ती जितकी कमी, तितके संयुग प्रबळ. पण हा आकडा एकटा फसवा असतो. निरोगी पेशींवरील आयसी-५० शेजारी नसेल, तर संयुग कर्कपेशी निवडून मारते की सरसकट विष आहे, हे ठरवता येत नाही.

वनस्पतिजन्य संयुगांबाबत आणखी एक अडचण आहे. त्यांतील अनेक पॉलिफिनॉले स्वतःच एमटीटीचे क्षपण करतात, म्हणजे पेशींविनाच त्याचे फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करतात. मग पेशी मेल्या तरी खळगा जांभळाच दिसतो. म्हणून पेशी नसलेल्या खळग्यातही संयुग व रंजक एकत्र करून पाहतात.