‘कूल’ म्हणजे बेफिकिरी नव्हे

‘कूल’, म्हणजे कशानेही विचलित न होणारी शांत ऐट, ही १९५० च्या दशकातल्या हॉलिवूडच्या बंडखोर नायकांची देणगी, हा समज चुकीचा आहे. त्याआधीच अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक हा शब्द या अर्थाने वापरत होते. तो रुळवण्याचं श्रेय बहुधा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना दिलं जातं. वर्णद्वेषाचा अपमान गिळताना चेहऱ्यावर काही दिसू न देणं, ही त्या वादकांची ढाल होती. त्याला बेफिकिरी म्हणणं अन्यायाचं आहे.

शब्द इंग्रजीच, पण शीतलतेला सद्गुण मानण्याची परंपरा पश्चिम आफ्रिकेतही आहे. योरुबा समाजात ‘इतुतु’ (शीतलता) म्हणजे संयम, सौम्यपणा आणि औदार्यसुद्धा. कला-इतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. योरुबा शिल्पांतले मिटलेले ओठ, निश्चल मुद्रा पाहा. काही देवतांना शांतवायला तिथे गोगलगायीचा थंड स्राव वाहतात.