संतरूपातील व्यक्तिचित्रे, स्त्रियांची (बरोक काळ)

राजघराण्यांतील आणि सरदार घराण्यांतील स्त्रियांनी ख्रिस्ती संत स्त्रियांच्या रूपात स्वतःची चित्रे काढून घेण्याची यूरोपातील प्रथा. सतराव्या शतकात, म्हणजे बरोक या भपकेदार, नाट्यमय कलाशैलीच्या काळात, ती विशेष रुजली. चेहरा बाईचा स्वतःचा, हातातली खूण मात्र संताची. खिळ्यांचे मोडके चाक आणि हौतात्म्याची झावळी दिसली की अलेक्झांड्रियाची कॅथरिन, पायाशी ड्रॅगन असला की मार्गारेट, कोकरू असले की ॲग्नेस, मोकळे केस आणि सुगंधी तेलाची कुपी असली की मेरी मॅग्डालीन. पुष्कळदा आपल्याच नावाची संत निवडली जाई.

फ्लॉरेन्समध्ये तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या दरबारचा फ्लेमिश चित्रकार यूस्टुस सुस्टरमान्स याने टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा कोझिमो याची पत्नी मारिया मॅग्डालेना हिला मेरी मॅग्डालीन म्हणून रंगवले (सु. १६२५–३०). स्पेनमध्ये चित्रकार सुरबारानच्या संत स्त्रिया त्या काळच्या भारी रेशमी पोशाखात उभ्या आहेत. ओच्यात गुलाब घेतलेली त्याची संत कासिल्दा कुणा सरदारकन्येसारखीच दिसते. पण तेवढ्यावरून तिला व्यक्तिचित्र म्हणण्याची घाई करू नये. त्याच्या कार्यशाळेतून अशा संतांच्या मालिकाच दक्षिण अमेरिकेत रवाना होत.

धर्मसत्तेला हा प्रकार रुचणारा नव्हता. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ मध्ये पवित्र चित्रांत कामुक सौंदर्य नको असे बजावले होते. बोलोन्याचा कार्डिनल पालेओत्ती याने तर १५८२ च्या ग्रंथात, ओळखीच्या संसारी माणसाचा चेहरा संताला देण्यावर थेट आक्षेप घेतला. तरी दरबारी मागणी थांबली नाही.

या प्रथेतला सर्वांत बोलका प्रसंग इंग्लंडचा आहे. जिच्या विवाहकरारात (१६६१) मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, ती पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरिन १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. प्रॉटेस्टंट देशातली कॅथलिक राणी, त्यात तिला मूल नाही. याकोप हायस्मान्सने तिला संत कॅथरिनच्या रूपात रंगवले. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सने १६६४ मध्ये ते चित्र पाहून वाखाणले. कथेतली कॅथरिन विदुषी राजकन्या आणि ख्रिस्ताची वधू. परक्या दरबारात आपला धर्म आणि आपला दर्जा एकाच चित्रात मांडायला राणीला याहून नेमके रूप मिळाले नसते. पुढे दरबारातल्या स्त्रियाही चाक आणि झावळी घेऊन चित्रकारापुढे बसू लागल्या. त्यांत राजाची प्रेयसी बार्बरा व्हिलियर्सही होती.

पीटर लेलीने तर सु. १६६४ मध्ये बार्बराला मुलासह थेट मरियामाता आणि बाळ येशू म्हणून रंगवले. मांडीवरचा मुलगा, चार्ल्स फिट्झरॉय, राजाचा अनौरस पुत्र. निपुत्रिक राणीच्या दरबारात या चित्राने काय सुचवले, हे पाहणाऱ्यांना सांगावे लागले नसणार. भक्तीचे रूप घेऊन सत्तेवरचा हक्क सांगण्याचे याइतके धाडसी उदाहरण या प्रथेत क्वचितच सापडेल. २००५ पासून ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आहे.