दियेंग पठार आणि तिथली देवळं (जावा, इंडोनेशिया)

दियेंग हे मध्य जावातलं ज्वालामुखीचं पठार, उंची साधारण 2,000 मीटर, आणि जावात उभी असलेली सगळ्यात जुनी दगडी देवळं इथलीच, सातव्या-आठव्या शतकापासूनची. देवळाला तिकडे चंडी म्हणतात. आता आठच शिल्लक आहेत, एकेकाळी बरीच जास्त होती. 19व्या शतकात हा भाग दलदलीत बुडालेला होता, 1856 मध्ये पाणी काढल्यावर देवळं नीट मोकळी झाली.

मराठी माणूस इथे पोचला की आधी देवळांची नावंच वाचत सुटतो, अर्जुन, भीम, घटोत्कच, पुंतदेव म्हणजे आपला युधिष्ठिर, सेंबद्रा म्हणजे सुभद्रा, आणि श्रीकंडी म्हणजे शिखंडी, पण जावाच्या महाभारतात ती अर्जुनाची बायको. सेमार मात्र आपल्याकडे नाहीच, तो तिकडच्या बाहुल्यांच्या खेळातला पांडवांचा सेवक. ही नावं लोकांनी फार नंतर दिलीत, देवळं मुळात शंकराची आहेत, आणि हे माहीत नसलं तर माणूस पांडवांच्या मूर्ती शोधत फिरतो आणि समोरचं बघायचं राहून जातं. अर्जुन देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला बाजूने जाऊन नक्की बघा, पिंडीवर घातलेलं पाणी बाहेर पडायला मकरमुख आहे, आपल्या गावच्या महादेवाला गोमुख असतं तसंच, आणि तेही उत्तरेलाच! श्रीकंडीच्या भिंतींवर ब्रह्मा, विष्णू, शिव कोरलेत.

भीमाचं देऊळ जरा लांब आहे म्हणून बरेच जण सोडून देतात, सोडू नका. त्याच्या शिखरावर घोड्याच्या नालेसारख्या छोट्या कमानी आहेत आणि त्यातून चेहरे बाहेर बघतायत, कार्ल्याची किंवा अजिंठ्याची चैत्यकमान बघितली असेल तर ओळख लगेच पटते. दगडही लाव्हाचाच, फक्त आपला बेसाल्ट आणि त्यांचा अँडेसाइट.

जमीन अजून जिवंत आहे. सिकिदांग विवरात चिखल उकळत असतो, गंधकाचा वास डोक्यात जातो. फेब्रुवारी 1979 मध्ये सिनिला विवराच्या बाजूला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, लोक घरं सोडून रस्त्याने पळत होते, तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने खोलगट भागात साचून राहतो आणि तिथेच जवळपास दीडशे माणसं गेली. म्हणून जिथे दोरी लावलीय तिच्या पलीकडे जायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही.

बौद्ध बाजू बघायची तर योग्यकार्ता शहराहून येताना वाटेत बोरोबुदूरचं भलंमोठं बौद्ध स्मारक करा, नवव्या शतकातलं, 72 जाळीदार स्तूप, 2,672 कोरीव पॅनेल. 2010 ला मेरापी ज्वालामुखीची राख त्याच्यावर पडली होती तेव्हा दगड खराब होऊ नये म्हणून ती साफ करायला लागली. आता वर चढताना उपानत नावाच्या विणलेल्या चपला घालाव्या लागतात, पायऱ्या झिजू नयेत म्हणून, आणि शब्द संस्कृत उपानहवरूनच आलाय.

जायला जुलै-ऑगस्ट कोरडा असतो पण पहाटे पारा कधीकधी शून्याखाली जातो, स्वेटर हवाच. गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसतो, पर्यटक खूश होतात, पण गावकरी त्याला विषारी दव म्हणतात, कारण देवळांच्या आजूबाजूला त्यांची बटाट्याची शेतं आहेत आणि एका रात्रीत पानं काळी पडतात.