रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम : लोकसमूहांनुसार प्रमाणातील फरक

रात्री अंथरुणाला पाठ टेकताच पायांत वळवळ, ओढ, तगमग सुरू होते; पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही आणि उठून चार पावले टाकली की बरे वाटते. अशी लक्षणे असलेल्या या चेतासंस्थेच्या विकाराचे वर्णन टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकात केले. स्वीडनचे कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. युरोप व उत्तर अमेरिकेत साधारण ५ ते १० टक्के प्रौढांत तो आढळतो. पूर्व आशियातील बहुतेक पाहण्यांत हा आकडा बराच खाली असतो, आणि सिंगापूरमधील एका पाहणीत तो १ टक्क्याहूनही कमी भरला.

हे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी मोजले काय, ते पाहावे लागते. अमेरिका व पाच युरोपीय देशांतील १५ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत (२००५) लक्षणे ७.२ टक्क्यांत होती. आठवड्यातून किमान दोनदा आणि त्रास होण्याइतपत, अशी अट लावताच २.७ टक्केच उरले. माणसे तीच, प्रश्न तेवढा बदलला. पायात गोळे येणे, मुंग्या येणे किंवा अवघडलेपण यांची सरमिसळ झाली की आकडा फुगतो. म्हणून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत अशी सदृश दुखणी वगळण्याची अट आली. भाषेचाही वाटा मोठा आहे. हालचालीच्या या अनावर ओढीला अनेक भाषांत रुळलेला शब्द नाही. रुग्ण ‘पाय दुखतात’ एवढेच सांगतो आणि नोंद भलत्याच दुखण्याची होते.

मोजणीतल्या चुका वजा केल्या तरी फरक पुरता मिटत नाही. २००७ मध्ये युरोपीय वंशाच्या लोकांत एमईआयएस१ व बीटीबीडी९ या जनुकांचा विकाराशी संबंध दिसला. धोका वाढवणारी जनुकीय रूपे सर्व वंशसमूहांत सारख्या प्रमाणात नसतात. आइसलँडमधील अभ्यासात बीटीबीडी९चे असे रूप असणाऱ्यांच्या रक्तात फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाचे निदर्शक प्रथिन, कमी आढळले.

लोहाचा धागा महत्त्वाचा, पण सरळ नाही. लोहाची कमतरता हे विकाराचे ठळक कारण. तरीही जिथे ती सर्वाधिक, त्या आफ्रिका व दक्षिण आशियात या विकाराचे सर्वाधिक प्रमाण नोंदलेले नाही. अनेक रुग्णांच्या रक्तातील लोह ठीक असूनही मेंदूत ते कमी असते. केवळ रक्ताल्पतेच्या आकड्यांवरून एखाद्या देशातील प्रमाणाचा अंदाज बांधणे त्यामुळे चुकीचे ठरते.

वयाबरोबर प्रमाण वाढते, म्हणून तरुण व वयस्क लोकसंख्येची तुलना वयानुसार समायोजन करूनच करावी लागते. स्त्रियांत ते पुरुषांच्या जवळपास दुप्पट असते. मात्र जर्मनीच्या पोमेरेनिया भागातील पाहणीत मूल न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांएवढेच निघाले; बाळंतपणांच्या संख्येसोबत ते वाढत गेले.