माला (सिचुआनी चव)

माला : चीनच्या सिचुआन प्रांतातील स्वयंपाकाची ओळख ठरलेली, जिभेला मुंग्या आणणारी तिखट चव. चिनी भाषेत ‘मा’ म्हणजे बधिरपणा आणि ‘ला’ म्हणजे तिखटपणा. पहिला गुण ह्वाज्याओ या फळाच्या सालीतून येतो, दुसरा मिरचीतून. सिचुआनी जेवण सगळेच माला असते, हा समज मात्र बरोबर नाही. तेथील पाककलेत मानल्या जाणाऱ्या वीसहून अधिक चवींपैकी ही एक.

ह्वाज्याओला ‘सिचुआन मिरी’ म्हणत असले तरी मिरीशी त्याचे नाते नाही. ते लिंबाच्या कुलातील झँथोझायलम प्रजातीचे फळ होय. कोकण-गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारे तिरफळ याच प्रजातीतले, तसेच नेपाळातील टिमुरही. दोन्हीकडे काळी बी टाकून देतात व साल वापरतात. ह्वाज्याओची एक साल चावून पाहिली, तर आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो, मग थोड्या वेळाने ओठ थरथरल्यासारखे वाटू लागतात. सालीतील सॅनशूल हे द्रव्य स्पर्श जाणणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते. ही थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपनांइतकी भासते, असे 2013 मध्ये लंडनमधील संशोधकांनी दाखवले. म्हणजे ‘मा’ ही जिव्हेची चव नसून स्पर्शाची जाणीव आहे.

ह्वाज्याओ चीनचे जुने. ‘शीजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात त्याचा उल्लेख सापडतो. मिरची मात्र अमेरिकेतून आलेली. चीनमधील तिचा पहिला ज्ञात लेखी उल्लेख 1591 च्या एका ग्रंथात असून तो शोभेचे झाड म्हणून आहे. ती सिचुआनात कोणत्या वाटेने पोहोचली याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक ती भारत-ब्रह्मदेशाकडून खुष्कीने आली असे मानतात. पूर्व किनाऱ्यावरून यांगत्सेच्या खोऱ्यातून वर सरकली, असे दुसरे मत आहे. सिचुआनी बोलीत मिरचीला ‘हायज्याओ’, म्हणजे समुद्री ज्याओ, म्हणतात, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘ज्याओ’ हा शब्द आधी ह्वाज्याओचा, मग मिरीचा आणि शेवटी मिरचीचा झाला. मराठीतही ‘मिरी’वरून ‘मिरची’ झाली, ती याच रीतीने. शेजारच्या ग्वेजोऊ प्रांतात मिरची मिठाऐवजी खात, अशी नोंद 1721 च्या सुमारास मिळते. दमट हवेवर उतारा म्हणून तिखट खातात, हे स्पष्टीकरण लोकप्रिय असले तरी तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. दमट प्रदेश चीनमध्ये इतरही आहेत. सर्वसामान्य सिचुआनी स्वयंपाकात मिरची रुळली ती बहुधा एकोणिसाव्या शतकात.

घरी माला शिकण्यास मापो तोफू हा तोफूचा (सोयाबीनच्या पनीराचा) तिखट पदार्थ उत्तम. तो सिचुआनची राजधानी छंगदू येथील एका खाणावळीत 1862 च्या सुमारास सुरू झाला, असे परंपरेने सांगतात. ‘मापो’ म्हणजे देवीचे व्रण असलेली बाई. येथील ‘मा’ व्रणांचा, बधिरपणाचा नव्हे. मऊ तोफूचे तुकडे मिठाच्या गरम पाण्यात ठेवतात, त्यामुळे ते कमी मोडतात. मूळ जीव दोबानज्यांगमध्ये: बाकला या कडधान्याचा व मिरचीचा आंबवलेला हा खर्डा असून छंगदूजवळच्या पीश्येनचा प्रसिद्ध आहे. तो मंद आचेवर तेलात परतावा. तेल तांबडेलाल झाले की लसूण, आले व खिमा घालावा. आच मोठी झाली तर खर्डा करपून कडवटतो आणि पुढे काही केले तरी तो कडवटपणा जात नाही. खर्डा खारट असल्याने मीठ शेवटी चाखूनच घालावे. रस दाट करण्यासाठी पाण्यात कालवलेले पीठ एकदम न ओतता दोन-तीनदा घालतात.

ह्वाज्याओची पूड अगदी शेवटी भुरभुरायची. साली कोरड्या कढईत वास सुटेपर्यंत भाजाव्यात व गार झाल्यावर कुटाव्यात. तयार पुडीचा वास लवकर उडतो, म्हणून लागेल तेवढीच कुटणे बरे. आपल्याकडच्या शेझवान चटणीत बहुधा मिरची, लसूण व व्हिनेगर असते, ह्वाज्याओ नसतो. तिच्यावरून मालाची कल्पना येत नाही. (पहा : तिरफळ, मिरची).