मण्यार, नाग आणि मज्जातंतूचं टोक : रासायनिक निरोपाच्या शोधाची पार्श्वभूमी

ऊसतोडीच्या हंगामात चिकोडी, रायबाग, अथणी भागात फडाशेजारच्या खोपीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर बहुधा सूज येत नाही, वेदना नसतात, दातांच्या खुणाही धड सापडत नाहीत. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या मिटू लागतात, मग गिळता येईना, श्वास घेता येईना. नागाच्या दंशातही पापण्या अशाच उतरतात. सर्पविषावरची लस दोघांनाही तीच. मात्र नाग चावलेल्याला अ‍ॅट्रोपिनच्या जोडीनं निओस्टिग्मिन हे औषध दिलं, की तासाभरात पापण्या उचललेल्या दिसू शकतात. मण्यारीच्या रुग्णाला त्याचा बहुतेकदा उपयोग होत नाही, त्याला कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. विष मज्जातंतूच्या टोकाच्या अलीकडे बसलं की पलीकडे, यावर हे ठरतं. मुळात असं अलीकडे-पलीकडे काही आहे, हेच विज्ञानाला फार उशिरा कळलं.

सुरुवात निकोटिनपासून करावी लागते. निपाणीच्या तंबाखूत जे द्रव्य असतं आणि ओली पानं हाताळणाऱ्याच्या कातडीतून शरीरात शिरून मळमळ, चक्कर आणतं, तेच द्रव्य केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी प्रयोगासाठी घेतलं. कोंबडीच्या स्नायूकडे जाणारा मज्जातंतू कापून तो झडू दिला, तरी निकोटिननं स्नायू आकुंचन पावतच होता, आणि क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं वनस्पतिविष दिलं की ते आकुंचन थांबत होतं. म्हणजे दोन्ही द्रव्यं मज्जातंतूवर नाही, स्नायूवरच्याच कशावर तरी काम करत होती. १९०५ साली लँगली यांनी ती कल्पना मांडली. निरोपाचं रसायन जिथे चिकटतं त्या जागेला आज आपण ग्राही म्हणतो. नागाचं विष इथेच चिकटतं.

टोकातून प्रत्यक्ष रसायन बाहेर पडतं, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथं दाखवलं. बेडकाच्या धडधडत्या हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला विजेचा झटका देऊन ते मंदावलं आणि त्यातला द्रव दुसऱ्या हृदयात सोडला. दुसरंही मंदावलं. हृदयातलं एक विकर (एन्झाइम) हे रसायन झपाट्यानं मोडतं, हेही लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पुढे १९२६ मध्ये सिद्ध केलं. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन निघालं. हातापायांच्या स्नायूंनाही हेच रसायन निरोप देतं, हा पुरावा हेन्री डेल यांच्या गटानं १९३६ मध्ये दिला. त्याच वर्षी डेल आणि लोवी यांना नोबेल मिळालं.

रसायन सुटतं हे कळलं, पण कसं? या प्रश्नाचं उत्तर पॉल फॅट आणि बर्नार्ड कात्झ यांना लंडनमध्ये मिळालं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वात देखणा भाग आहे. बेडकाच्या स्नायूतंतूत, मज्जातंतू जिथे टेकतो नेमक्या त्या जागी, त्यांनी अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसला. मज्जातंतू पूर्ण विश्रांतीत असतानाही सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टच्या छोट्या लहरी, साधारण सेकंदाला एक या दरानं, अनियमितपणे उमटत होत्या. यंत्रातला बिघाड म्हणून त्या सोडून देता आल्या असत्या. पण क्युरारेनं त्या लहान होत, निओस्टिग्मिननं मोठ्या होत, आणि इलेक्ट्रोड थोडा बाजूला सरकवला की दिसेनाशा होत. १९५२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एखादा रेणू सुटून एवढी लहर उठणं शक्य नव्हतं, हजारो रेणू एकदम सुटायला हवे होते. १९५४ मध्ये होसे देल कास्तिल्यो आणि कात्झ यांनी द्रावणातलं कॅल्शियम कमी आणि मॅग्नेशियम जास्त केलं. तेव्हा प्रतिसाद हळूहळू न घटता पायऱ्या-पायऱ्यांनी घटला, आणि प्रत्येक पायरी त्या छोट्या लहरीएवढीच होती. रसायन ठरावीक मापाच्या पुडीनं सुटतं, एरवी मज्जातंतूतून येणाऱ्या विजेच्या एका आवेगाला शंभर-दोनशे पुड्या.

त्याच सुमारास, १९५४-५५ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतूच्या टोकात ४० ते ५० नॅनोमीटर व्यासाच्या गोल पिशव्या दिसू लागल्या. पुडी म्हणजे हीच पिशवी, हे दोन्ही बाजूंनी जुळत गेलं. पिशवी भरण्याची रीत मागाहून उलगडली. पिशवीच्या पडद्यातला पंप एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून प्रोटॉन आत ढकलतो, आतला पीएच ५.५ च्या आसपास उतरतो, म्हणजे आत आम्लता वाढते. मग वाहक प्रथिन दोन प्रोटॉन बाहेर सोडून त्यांच्या बदल्यात अ‍ॅसिटिलकोलीनचा एक रेणू आत घेतं. एका पिशवीत असे काही हजार रेणू मावतात. आवेग टोकाशी आला की कॅल्शियमची दारं उघडतात. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असल्यानं ते आत घुसतं, आणि मिलिसेकंदाच्याही अंशात पिशवीचा पडदा पेशीच्या पडद्यात मिसळतो. जॉन ह्यूजर आणि थॉमस रीझ यांनी १९७० च्या दशकात द्रवरूप हेलियमनं गार केलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर स्नायू आपटून तो क्षण गोठवला आणि उघडणाऱ्या पिशव्यांची छायाचित्रं घेतली. रिकामा पडदा पुन्हा आत ओढून नव्या पिशव्या बनतात, हेही त्यांनीच दाखवलं होतं.

मण्यारीचं कोडं इथे सुटतं. १९६३ मध्ये तैवानच्या चांग आणि ली यांनी तिथल्या बहुपट्टी मण्यारीच्या विषातले घटक वेगळे केले. अल्फा घटक नागविषासारखा ग्राहींवर बसत होता, बीटा घटक मात्र मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटणंच बंद करत होता. आपल्याकडच्या मण्यारीच्या विषातही असे टोकाला मारणारे घटक आहेत. ते टोकाचा पडदा तोडतात, पिशव्या संपतात, टोक झडतं. निओस्टिग्मिन हे अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला रोखतं, पण सुटतच नाही ते टिकवणार कसं? लस फक्त मोकळ्या विषाला बांधते, झडलेलं टोक ती परत आणत नाही. म्हणून ती लवकर द्यावी लागते, आणि नवं टोक फुटेपर्यंत श्वास यंत्रानं चालवावा लागतो. फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत गडबड याच्या उलट असते. तिथे विकरच बंद पडतं, अ‍ॅसिटिलकोलीन साचतं, लाळ-घाम-कफ दाटतो, म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं.

पिशवीचा पडदा मिसळतो तरी कसा, हे उघड व्हायला धनुर्वाताचा उपयोग झाला. १९९२ मध्ये इटलीतल्या पाडुआच्या संशोधकांनी दाखवलं, की धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनम या दुसऱ्या जिवाणू-विषाचा ‘बी’ प्रकार पिशवीवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन एकाच जागी कापतात. पुढच्याच वर्षी जेम्स रॉथमन यांच्या गटानं हे प्रथिन समोरच्या पडद्यावरच्या दोन प्रथिनांशी पिळून घट्ट जुडगा बनवतं, हे मांडलं. कॅल्शियम ओळखणारं सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन थॉमस झ्यूडहोफ यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं. रॅंडी शेकमन यांच्यासह या दोघांना २०१३ चं नोबेल मिळालं. बोट्युलिनम स्नायूजवळच थांबतं, म्हणून अंग लुळं पडतं. धनुर्वाताचं विष मज्जातंतूतून मज्जारज्जूपर्यंत चढून स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींच्या पिशव्या अडवतं, म्हणून जबडा आणि पाठ ताठ होते.

कोयत्याची जखम शेणखताच्या मातीत भरली, तर हेच घडू शकतं. विषाला बांधणारं अँटिटॉक्सिन पेशीत शिरलेल्या विषाला गाठू शकत नाही. आणि आजार बरा झाला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, कारण आजार आणणारं विष इतकं थोडं असतं की शरीराला त्याची ओळखच पटत नाही. बऱ्या झालेल्या रुग्णालाही धनुर्वाताच्या लसीचे डोस घ्यावेच लागतात.