दुसरं लग्न केलं की पेन्शन का थांबतं?

नवऱ्यामागे पेन्शनवर जगणाऱ्या बाईने पुन्हा लग्न केलं की पेन्शन बंद, या नियमामागचा हिशेब उघड आहे. पोसणारा गेला म्हणून सरकार पोसतं. नवा पोसणारा आला की सरकार सुटलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना १८६२ साली झालेल्या कायद्यात सैनिकाच्या विधवेचं पेन्शन पुनर्विवाहापर्यंतच होतं.

लग्नाने पैसे जातात म्हटल्यावर काही जणी लग्नाशिवायच संसार मांडू लागल्या. १८८२ साली तीही वाट बुजवली: परपुरुषासोबत उघड राहणं सिद्ध झालं तरी पेन्शन रद्द. मग सरकारी तपासनीस शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेत फिरू लागले. पेन्शन द्यायचं म्हणजे घरात डोकवायचाही हक्क आला, असंच जणू सरकारने धरलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीत तर अशा संसाराला नावच पडलं, ‘ओंकेल-एहे’, म्हणजे काका-लग्न. घरात आईसोबत राहणारा पुरुष बाप नव्हे, कागदोपत्री नवराही नव्हे. मुलं त्याला ‘ओंकेल’ म्हणत. युद्धात नवरा गमावलेल्या बाईला विवाहनोंदणीची एक सही दरमहा मिळणाऱ्या पेन्शनइतकी महाग पडत होती. आज तिथे पहिल्या पुनर्विवाहाला साधारण दोन वर्षांचं पेन्शन एकरकमी मिळतं, आणि ते लग्न मोडलं किंवा दुसरा जोडीदार वारला तर जुना हक्क पुन्हा मागता येतो.

इतरत्र गाठ हळूहळू सैल झाली. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेत १९७९पासून साठीनंतरच्या लग्नाने पेन्शनला धक्का लागत नाही. त्यामुळे एकोणसाठीतलं जोडपं वाढदिवसापर्यंत थांबलं तर नवल नाही! कॅनडाच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेने १९८७ साली ही अट काढली. ब्रिटनमध्ये सैनिकांच्या जोडीदारांचं पेन्शन एप्रिल २०१५पासून आयुष्यभराचं झालं. पण त्याआधी लग्न करून ते गमावलेल्यांना नव्या नियमाने काहीच परत मिळालं नाही. त्यांच्यासाठी ८७,५०० पौंडांची एकरकमी भरपाई यायला २०२३ उजाडलं.

भारतात केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या अपत्यहीन विधवेला १ जानेवारी २००६पासून पुनर्विवाहानंतरही कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं. मात्र तिचं इतर उत्पन्न सरकारने ठरवलेल्या किमान कुटुंब पेन्शनइतकं किंवा त्याहून जास्त झालं की ते थांबतं. मुलं असतील तर तिच्या लग्नानंतर पेन्शन पात्र मुलांच्या नावावर जातं.